शंभरांतील अठरा

सरकारी अहवालांतील कोष्टकें हौसेनें वाचणारा मनुष्य विरळा. जमाबंदीचे, पर्जन्यमानाचे, जन्ममृत्यूचे आंकडे छापले जातात, फडताळांत जातात आणि तेथेंच धूळ खात पडतात. परंतु एखादा आंकडा असा निघतो कीं, तो फडताळांत राहावयास तयार होत नाहीं. तो कायदेमंडळांत बोलला जातो, समित्यांच्या अहवालांत शिरतो, विद्वानांच्या वादाचा विषय होतो; आणि अखेर डोंगरांतील एखाद्या पाड्यावरची शाळा उघडी राहावी कीं बंद व्हावी, याचा निकालहि त्याच्या आधारानें लागूं लागतो. आपल्या देशाच्या शिक्षणाच्या इतिहासांत असा एक आंकडा आहे. तो आंकडा अठरा. प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेंत शंभर मुलगे आले, तर चौथ्या इयत्तेपर्यंत पोंचणारे त्यांतील अवघे अठरा. राहिलेले ८२ वाटेंतच गळाले.

१९२७ ते १९३९ या बारा वर्षांत या गळतीचा विचार तीन निरनिराळ्या अभ्यासकांनीं केला, आणि आश्चर्य हें कीं, तिघांनीं तिच्यांतून तीन निरनिराळे अर्थ काढले. एकानें त्यांत अन्याय पाहिला, दुसऱ्यानें उधळपट्टी पाहिली आणि तिसऱ्यानें अपुरेपणा पाहिला. अर्थ जसा काढावा तसें धोरण ठरतें. म्हणून शिक्षणांतील विषमतेचा अभ्यास महाराष्ट्रांत कसा रुजला आणि त्यापासून काय निष्पन्न झालें, हें समजून घ्यावयाचें तर या तीन अर्थांचा इतिहास पाहिला पाहिजे. तो पाहण्यास नाशिक जिल्ह्यासारखें दुसरें स्थळ क्वचितच सांपडेल. एकीकडे गोदातीरावरील विद्वानांचें जुनें क्षेत्र, दुसरीकडे निफाडची सुपीक काळी जमीन, आणि पश्चिमेस पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी येथील डोंगर व आदिवासी पाडे. एकाच जिल्ह्यांत शाळेचा उंबरठा कोणाला सखल आणि कोणाला डोंगराएवढा, हें येथें सहज दिसतें.

मुलें मोजण्याची ही रीत इंग्रजी अमलाबरोबर आली. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर असतां, १८२० नंतरच्या दशकांत, जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टरांकडून गांवठी शाळांची माहिती मागविण्यांत आली. त्या वेळीं नाशिक जिल्हा म्हणून निराळा नव्हता. हा मुलूख अहमदनगर व खानदेश यांच्या हद्दींत वांटलेला होता, आणि स्वतंत्र नाशिक जिल्हा झाला तो १८६९ सालीं. १८२९ च्या सुमारास इलाख्याची बेरीज झाली ती अशी: शाळा १,७०५, विद्यार्थी पस्तीस हजारांच्या वर, आणि लोकसंख्या सुमारें ४७ लाख. म्हणजे हजार माणसांमागें विद्यार्थी साडेसात. पंतोजींच्या त्या शाळांतून हिशेबाची, लिहिण्याची ज्यांच्या घरीं गरज होती अशांचींच मुलें बहुधा बसत. मुली त्या शाळांत जवळ जवळ नव्हत्याच. आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना तर ओसरीवरहि जागा नव्हती.

राज्यकर्त्यांना हें दिसत नव्हतें असें नाहीं. एल्फिन्स्टन यांनीं आपल्या टिपणांत नमूद केलें आहे कीं, खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींचीं मुलें उत्तम विद्यार्थी ठरतात, असा मिशनऱ्यांचा अनुभव आहे. परंतु त्याच टिपणांत त्यांनीं भीतिहि व्यक्त केली कीं, शिक्षणाचें मूळ प्रथम त्या वर्गांत रुजलें, तर वरचे वर्ग त्यापासून दूर राहतील व तें पुढें पसरणार नाहीं. धोरण असें भीतीवर उभें राहिलें. पुढें जून १८५६ मध्यें धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेशासाठीं अर्ज केला, तेव्हां तो नाकारण्यांत आला. एका मुलासाठीं बाकीचीं सारीं मुलें निघून जातील, हा त्या नकारामागील हिशेब होता. येथेंहि आंकडाच होता. मात्र तो अर्जदाराच्या विरुद्ध वापरलेला होता.

हा हिशेब उलट बाजूनें मांडण्याचें कार्य महात्मा जोतीराव फुले यांनीं केलें. १८४८ पासून पुण्यांत मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळा चालविण्याचा अनुभव त्यांच्या गांठीं होता. १८८२ सालीं सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण आयोग आला, तेव्हां १९ ऑक्टोबर रोजीं त्यांनीं आपलें लेखी निवेदन सादर केलें. त्याचा गाभा एका प्रश्नांत सांगतां येण्यासारखा आहे: सरकारी तिजोरींत भर कोण घालतो, आणि तींतून शिकतो कोण? शेतसारा शेतकरी भरतो. वरिष्ठ शिक्षणाचा लाभ मात्र मूठभर वरिष्ठ वर्ग घेतो. सबब प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचें करावें, शेतकरी वर्गांतूनहि शिक्षक तयार करावे आणि लोकल फंडाचा योग्य वांटा या शिक्षणाला द्यावा, असें त्यांनीं सुचविलें. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. परंतु खर्चाचें कोष्टक आणि समाजाचें कोष्टक एकमेकांसमोर ठेवून पाहण्याची जी पद्धत पुढच्या संशोधकांनीं अवलंबिली, तिचा आरंभ या निवेदनांत आहे. पुढच्याच वर्षीं, १८८३ सालीं, मुंबई गॅझेटियरचा सोळावा खंड प्रसिद्ध झाला. तो नाशिक जिल्ह्याचा. त्यांत शिक्षणाचें स्वतंत्र प्रकरण असून विद्यार्थ्यांची जातवार वर्गवारी दिलेली आहे. प्रश्न आतां सरकारच्या दप्तरांतहि शिरला होता.

उत्तर शोधण्यास मात्र दप्तर पुरें पडलें नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें; १९१२ च्या मार्चांत तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं नापास झालें. कोल्हापूरचे शाहू छत्रपति यांनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. नाशिक येथें १९१४ सालीं मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. शाहू महाराज १९२० सालीं नाशकांत आले व येथील उदाजी मराठा वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला त्यांच्या हस्तें बसली. शाळा काढण्याइतकेंच वसतिगृह काढणें हें त्या पिढीनें शिक्षणकार्य मानलें, यांत मोठें शहाणपण होतें. खेड्यांतील मुलगा बुद्धीनें मागें पडत नसे. दोन वेळच्या भाकरीनें व निजावयाच्या जागेनें मागें पडत असे. नाशिकच्या वसतिगृहांनीं आंकडेशास्त्राचें पुस्तक न उघडतां गळतीचें एक कारण ओळखलें होतें.

आतां त्या तीन अर्थांकडे वळावयाचें. पहिला अर्थ डॉ. भीमराव आंबेडकर यांचा. कोलंबिया आणि लंडन येथील विद्यापीठांत अर्थशास्त्राचें संशोधन करून आलेले, सिडनेहॅम महाविद्यालयांत प्राध्यापकी केलेले हे विद्वान १९२७ सालीं मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. १२ मार्च १९२७ रोजीं शिक्षणखात्याच्या अंदाजपत्रकावर बोलतांना त्यांनीं सांगितलें कीं, प्राथमिक शाळेंत येणाऱ्या दर शंभर मुलांपैकीं फक्त अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत जातात आणि ८२ पुन्हां निरक्षरतेंत बुडतात. शाळेंत आलेलें मूल जन्मभर साक्षर राहण्याइतकें शिकूनच बाहेर पडलें पाहिजे, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतु, असें त्यांनीं मांडलें. इलाख्यांत शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात, आणि दारूवरील अबकारी उत्पन्नापोटीं लोकांकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक घेतले जातात, हेंहि त्यांनीं दाखवून दिलें. फुल्यांचा प्रश्न आतां रुपये-आणे-पईंत मांडला गेला.

परंतु त्या भाषणाचें खरें महत्त्व पुढच्या भागांत आहे. आंबेडकरांनीं इलाख्यांतील लोकसंख्येचे वर्ग घेतले आणि प्रत्येक वर्गाचा लोकसंख्येंतील अनुक्रम व शिक्षणांतील अनुक्रम शेजारीं शेजारीं ठेविले. लोकसंख्येंत चौथा असलेला पुढारलेला हिंदु वर्ग शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर पहिला. आणि लोकसंख्येंत दुसरा असलेला मागासलेला वर्ग शिक्षणांत शेवटचा. म्हणजे जे अठरा टिकले ते सरसकट समाजांतून टिकले नव्हते. गळती हा अपघात नसून तिला ठरलेली दिशा आहे, हा तो निष्कर्ष. सर्वांना सारखें वागविल्यानें ही तफावत भरून येणार नाहीं. जे खालीं आहेत त्यांना अधिक दिलें तरच समता येईल, असें त्यांनीं बजावलें. पुढच्या वर्षीं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनें सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनांत त्यांनीं मुंबई इलाख्यांतील दलितांच्या शिक्षणाचा सबंध इतिहास, एल्फिन्स्टन यांच्या टिपणापासून व धारवाडच्या अर्जापासून, पुराव्यानिशीं लिहून काढला. २ मार्च १९३० रोजीं नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो सर्वांना माहीत आहे. त्याच्या अग्रभागीं असलेले दिंडोरी तालुक्यांतील आंबें गांवचे दादासाहेब गायकवाड हे नाशकांत दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचें कामहि पाहत. देवळाचें दार आणि शाळेचें दार हे दोन लढे नव्हते. एकाच लढ्याचीं तीं दोन तोंडें होतीं.

दुसरा अर्थ सर फिलिप हार्टोग यांचा. हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरु. सायमन आयोगाला साह्य म्हणून शिक्षणाच्या प्रगतीचा विचार करणारी जी समिति नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९२९ सालीं प्रसिद्ध झाला. १९२२-२३ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांत पहिल्या इयत्तेंत असलेल्या दर शंभर मुलग्यांपैकीं तीन वर्षांनंतर, १९२५-२६ सालीं, चौथ्या इयत्तेंत अठराच दिसले, हें त्यांनीं कोष्टक मांडून दाखविलें. मुलींची स्थिति त्याहून वाईट होती. शिक्षण पुरें होण्यापूर्वीं मूल शाळेंतून निघून जाणें ही गळती, आणि एकाच इयत्तेंत एका वर्षाहून अधिक काळ अडकून पडणें हें स्थगन, अशा या दोन रोगांच्या व्याख्या समितीनें बांधून दिल्या. शिक्षणाच्या अभ्यासांत त्या कायमच्या रूढ झाल्या. समितीचें निदान खोटें नव्हतें. एकच शिक्षक, चार इयत्ता, गळकें छप्पर आणि महिन्याचे कित्येक दिवस रिकामा फळा, अशा शाळा तेव्हां ठिकठिकाणीं होत्या.

मतभेद उत्पन्न होतो तो औषधाविषयीं. शंभरांतून अठराच टिकत असतील तर ८२ मुलांवरील पैसा वाया गेला, असा हिशेब समितीनें मांडला; आणि त्यावरून असा सल्ला दिला कीं, शाळांची संख्या घाईनें वाढवूं नये, आहेत त्या शाळा बळकट कराव्या, सक्तीचा कायदा बेतानेंच लागू करावा. गुणवत्ता आधीं, विस्तार मागाहून. हा सल्ला ऐकावयास शहाणपणाचा वाटतो. तिजोरीला तर तो फारच गोड वाटला. जगांत मंदी पसरलेली, प्रांतांचीं अंदाजपत्रकें तुटीचीं. अशा वेळीं खर्च आवरण्यास शास्त्राचा आधार मिळाला. अंदाजपत्रकांतील ही काटकसर गावी मात्र निराळी दिसे. ज्या गांवीं शाळा नव्हती त्या गांवाला आणखी थांबावयास सांगितलें गेलें. आणि असें गांव बहुधा सडकेवरचें नसून डोंगरांतलें असे. पेठेकडील पाड्यांची वाट पाहणें संपलेंच नाहीं. सरकारनें पुढें केलेला हात अपुरा पडे, म्हणूनच १९३७ सालीं दादासाहेब बिडकर यांच्या पुढाकारानें डांग सेवा मंडळ निघालें आणि नाशिकच्या आदिवासी भागांत शाळा व वसतिगृहें उघडण्याचें कार्य सुरू झालें.

तिसरा अर्थ लावला तो राजाराम विठ्ठल परुळेकर यांनीं. हे मुंबई म्युनिसिपालिटीच्या शाळाकमिटीचे चिटणीस होते. शहरांतील हजारों मुलांना वर्गांत बसविण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेला हा मनुष्य. भारतांतील साक्षरतेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. गुणवत्तेच्या नांवाखालीं विस्तार थांबविणें म्हणजे बहुजनांना अक्षरापासून दूर ठेवणें होय, अशी त्यांची भूमिका होती. दर दहा वर्षांनीं साक्षरतेंत पडणारी भर इतकी किरकोळ होती कीं, त्या गतीनें पिढ्यानपिढ्या लोटल्या असत्या. सबब गरीब देशानें गरिबीला झेपेल अशी योजना करावी: एकाच इमारतींत दोन पाळ्यांनीं शाळा भरवावी, शिक्षकाकडे मुलें अधिक द्यावीं, पण मूल शाळेबाहेर ठेवूं नये.

गळतीच्या गणितांतहि एक मेख आहे, ती येथें उलगडून पाहिली पाहिजे. पहिल्या इयत्तेच्या पटावर त्या वर्षीं नव्यानें आलेलीं मुलें असतात तशींच मागील दोन-तीन वर्षें तेथेंच अडकलेलीं मुलेंहि असतात. समजा, दरसाल ५० मुलें नवीं येतात आणि प्रत्येक मूल पहिलींत दोन वर्षें काढतें. तर पटावर १०० नांवें दिसतील. चौथींत १८ पोंचलीं तर तीं शंभरांपैकीं नव्हेत, पन्नासांपैकीं होत. याचा अर्थ गळती नव्हती असा नाहीं. पण भाजक फुगला कीं शाळा जितकी निरुपयोगी असते त्याहून अधिक निरुपयोगी दिसते, आणि ती बंद करण्याचा मोह होतो. परुळेकरांच्या योजनेंतहि उणीव होती, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. दाटीवाटीच्या वर्गांत मागच्या रांगेंतलें मूल बहुधा मागासलेल्या घरचेंच असतें, आणि शिक्षकाची नजर तेथवर पोंचतेच असें नाहीं. संख्या वाढविली कीं समता आपोआप येत नाहीं, हा धडा पुढच्या पिढीस शिकावयाचा होता.

त्या पिढीचे अग्रणी जयंत पांडुरंग नाईक. कोल्हापूरकडील आजरें तालुक्यांतील बहिरेवाडी येथें १९०७ सालीं त्यांचा जन्म झाला. स्वातंत्र्यलढ्यांत कारावास भोगून त्यांनीं धारवाड जिल्ह्यांतील उप्पिन बेटगेरी या खेड्यांत शिक्षण व ग्रामसुधारणेचें कार्य केलें. १९४३ सालीं सय्यद नुरुल्ला यांच्या जोडीनें त्यांनीं ब्रिटिश काळांतील भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. परुळेकर आणि नाईक यांनीं १९४८ सालीं मुंबईस भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. शिक्षणाच्या प्रश्नाचा विद्यापीठीय शिस्तीनें अभ्यास व्हावा हा तिचा हेतु. एल्फिन्स्टनकालीन गांवठी शाळांची मूळ कागदपत्रें परुळेकरांनीं संपादून १९४५ सालीं छापून काढलींच होतीं. इतिहास हाच संशोधनाचा पाया, ही त्यांची दृष्टि होती. १९७६ सालीं ती संस्था पुण्यास हलली. चित्रा नाईक यांनीं तिचें कार्य दीर्घकाळ वाहिलें व खेड्यांतील शाळेबाहेरच्या मुलांसाठीं, विशेषतः मुलींसाठीं, अनौपचारिक शिक्षणाचे प्रयोग केले.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतहि या सुमारास हाच प्रश्न हातीं घेतला गेला. धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनीं सातारा जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्या केल्या. त्यांचा अहवाल १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. शाळा सोडल्यावर अक्षर किती काळ टिकतें, आणि मूल अडकतें व गळतें कोठें, हें सरकारी कोष्टकांवर न विसंबतां गांवोगांवीं जाऊन पाहण्याचा हा मार्ग होता. पुढें अ. रा. कामत यांनीं पुणें विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेऊन महाविद्यालयांतील गळतीहि अभ्यासली. सुमा चिटणीस यांनीं अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या देशव्यापी पाहणीवरून १९८१ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या नांवाचा अर्थच ‘अजून फार दूर जावयाचें आहे’ असा होतो. आंबेडकरांनीं १९२७ सालीं विचारलेला प्रश्न, टिकले ते कोण, हा या सर्वांच्या संशोधनाचा कणा झाला.

१९६४ ते १९६६ या काळांत डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण आयोग बसला, तेव्हां नाईक त्याचे सभासद-चिटणीस होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, आणि श्रीमंतांचीं व गरिबांचीं मुलें एकाच परिसरांतील एकाच सार्वजनिक शाळेंत शिकावीं, या त्या अहवालांतील शिफारशी. १९७५ सालीं नाईकांनीं आपल्या चिंतनाचें सार एका छोट्या पुस्तकांत मांडलें. समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणाचा हुलकावणी देणारा त्रिकोण, असें त्यांनीं म्हटलें. एक बाजू ओढावी तर दुसरी सुटते. हार्टोग यांनीं गुणवत्तेची बाजू धरली, परुळेकरांनीं संख्येची धरली, आणि आंबेडकरांनीं समतेची. तिघांचा वाद नाईकांनीं एका आकृतींत बसविला. आणि तिन्ही बाजू एकदम धरल्याशिवाय गत्यंतर नाहीं, हें दाखवून दिलें. अहवाल गाजला, पण सहा टक्क्यांचें आणि समान शाळेचें वचन मात्र पाळलें गेलें नाहीं.

स्वतंत्र भारतांत शाळा वाढल्या, हें मान्य केलेंच पाहिजे. १९५१ सालीं देशांत साक्षरतेचें प्रमाण शेंकडा अठरा होतें. योगायोग असा कीं, आंकडा तोच. २०११ च्या जनगणनेंत तें शेंकडा ७४ वर गेलें. नाशिकला १९८९ सालीं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरु. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढाला पूर्वतयारीची परीक्षा देऊन पुन्हां पदवीच्या मार्गावर येतां यावें, अशी सोय त्यानें केली. त्या ८२ जणांच्या नातवंडांसाठीं उघडलेलें हें मागलें दार होय. २००९ सालीं मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायद्यानें दिला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. फुल्यांच्या मागणीला तोंवर १२८ वर्षें लोटलीं होतीं.

परंतु मूल वर्गांत आलें कीं काम संपलें असें नाहीं. प्रथम या संस्थेच्या पुढाकारानें २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ पाहणींत मुलांच्या हातीं उतारा देऊन तो वाचून घेतात. २०२४ सालीं ग्रामीण भारतांतील पांचवीच्या निम्म्याहून किंचित कमी मुलांना दुसरीच्या पुस्तकाचा उतारा वाचतां आला. पूर्वीं मूल शाळेबाहेर गळत असे. आतां पुष्कळ मुलें बाकावर बसल्या जागीं गळतात. नाशिक जिल्ह्यांत अनुसूचित जमातींची वस्ती चतुर्थांशाहून अधिक आहे. भात निघालें कीं पेठ-सुरगाण्याकडील कित्येक कुटुंबें निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीस उतरतात. मूल मागें ठेवावें तर सांभाळील कोण, आणि बरोबर न्यावें तर शाळा सुटते. पटावर तें हजर. इयत्तेनें मात्र दर वर्षीं मागें.

आणि येथें १९२९ चा तो जुना सल्ला नवीं वस्त्रें लेऊन परत आला आहे. २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारनें दहापेक्षां कमी पट असलेल्या सुमारें तेराशें शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचें ठरविलें. २०२३ सालीं वीसपर्यंत पट असलेल्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचा विचार पुढें आला. अशा शाळा राज्यांत चौदा हजारांहून अधिक होत्या. कारणें ओळखीचींच आहेत: लहान शाळेंत गुणवत्ता राहत नाहीं, खर्च परवडत नाहीं. तींत तथ्यहि आहे. चार मुलांच्या शाळेंत खेळावयास गडी मिळत नाहीं आणि एका शिक्षकावर सारा भार पडतो. पण डोंगरांत दोन कोस म्हणजे ओढा, पावसाळा आणि एकटी चालणारी लहान मुलगी. ती गळाली तर तिची नोंद ‘गुणवत्तेसाठीं’ या सदरांत होईल, ‘गळती’ या सदरांत नव्हे. इगतपुरी तालुक्यांतील भाम धरणामुळें उठलेल्या दरेवाडीच्या मुलांनीं २०२२ सालीं नाशिकच्या जिल्हा परिषदेवर बकऱ्यांसह मोर्चा आणला. शाळा बंद करावयाची असेल तर आमचीं दप्तरें परत घ्या आणि वळावयास बकऱ्या द्या, ही त्यांची मागणी होती. गळतीच्या शंभर वर्षांच्या संशोधनाचा सारांश इतक्या थोडक्यांत क्वचितच कोणी सांगितला असेल.

या इतिहासांतून आंकड्यांविरुद्ध निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. आंकडा नसता तर ८२ मुलांचें गळणें कोणाच्या लक्षांतहि आलें नसतें. प्रश्न एवढाच कीं, आंकडा हातीं घेणारा कोणाच्या बाजूनें तो वाचतो. खर्च करणाऱ्याच्या खिडकींतून पाहिलें तर गळालेलें मूल ही वाया गेलेली रक्कम असते. आणि त्या मुलाच्या उंबऱ्यावरून पाहिलें तर शाळा हीच वाया गेलेली संधि असते. फुले, आंबेडकर, परुळेकर, नाईक यांची परंपरा दुसऱ्या ठिकाणीं उभी राहून वाचावयास शिकविते. यापुढें एखाद्या डोंगरांतील शाळेच्या पटावर सात किंवा नऊ असा आंकडा दिसला, तर तो थोडा आहे म्हणून खोडण्यापूर्वीं, शाळा हलल्यावर त्यांतील किती जण तिच्यामागें चालत जातील, एवढें मोजून पाहावें. हिशेब पुरा होतो तो तेवढें केल्यावरच.